रेमेदिओस वारोचा 'जादूगार': शिंपल्याचा चेहरा आणि दाबून उमटवलेलं रान

सहाण

न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात रेमेदिओस वारो या चित्रकर्तीचं 'एल हुग्लार', म्हणजे 'जादूगार', हे १९५६ सालचं चित्र आहे. चाकांच्या गाडीला लागून छोटासा मंच, त्यावर तांबड्या झग्यातला जादूगार, त्याच्या हातांभोवती फिरणारे प्रकाशाचे गोळे. गाडीत सिंह, बोकड, ध्यानाला बसल्यासारखी एक बाई. समोर बघ्यांची दाटी, आणि त्या सगळ्यांनी मिळून एकच राखाडी झगा पांघरलेला. आकार ९१ बाय १२२ सेंमी. हार्डबोर्डवर तैलरंग; जादूगाराचा चेहरा मात्र रंगवलेला नाही, तिथे पंचकोनी शिंपला बसवलाय आणि नाकडोळे त्यावर काढलेत.

अतिवास्तववादी चित्र म्हटलं की 'स्वप्नातून उतरलं' असं म्हणून लोक मोकळे होतात. वारोच्या बाबतीत ते फार अपुरं आहे. तिचे वडील जलअभियंता होते, त्यांच्याकडून ती लहानपणी यांत्रिक आरेखन शिकली. १९२४ मध्ये माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीत दाखल झाली. १९४१ च्या अखेरीस युद्धातून सुटून मेक्सिकोला पोचली आणि तिची आज ओळखली जाणारी बहुतेक चित्रं १९५५ ते १९६३ या शेवटच्या आठ-नऊ वर्षांतली आहेत. बहुतेक चित्रांचं मूळ मापाचं रेखाटन ट्रेसिंग कागदावर आधी पूर्ण तयार असायचं. पण रंगाला सुरुवात झाली की पहिला मान योगायोगाला: रंग दाबायचा, उचलायचा, फुंकायचा. जे उमटेल त्यावर मग दोन-तीन केसांच्या कुंचल्याने काटेकोर काम. हा क्रम समजला नाही तर तिच्या चित्रांची नक्कल नुसती गुळगुळीत होते.

धाग्याचा हेतू एवढाच की हे चित्र बांधलंय कसं ते टप्प्याटप्प्याने, आपल्याकडच्या सामानात आणि आपल्या हवेत करता येईल असं लिहून ठेवू. अर्थाची चर्चा वेगळ्या धाग्यावर केली तरी चालेल.

दर्याकिनारी

चांगला विषय. पहिलीच शंका: हार्डबोर्ड कोकणातल्या पावसात टिकतो का? एमडीएफ किंवा प्लाय घेतला तर?

सहाण

टिकतो, पण सहाही बाजू बंद केल्या तर. हार्डबोर्ड फाकतो तो दमट हवा एका अंगानेच आत शिरते म्हणून. समोरून सात थर आणि मागून कोरा बोर्ड, असं केलं की पहिल्याच पावसाळ्यात पोट निघतं. सरसाचा हात पुढे, मागे आणि चारही कडांना द्यायचा. मागच्या बाजूला जेसोचेही (सरस आणि खडूच्या पांढऱ्या लेपाचेही) दोन थर द्यावेत म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी राहते.

३ मिमी बोर्ड ३० बाय ४० सेंमीपर्यंत नुसता चालतो. त्याहून मोठा असेल तर मागे सागाच्या किंवा पाइनच्या पट्ट्यांची चौकट चिकटवा. ६० सेंमीच्या पुढे मध्ये आडवी पट्टीही हवी. वारोच्या मापाचा बोर्ड चौकटीशिवाय सरळ राहणारच नाही. एमडीएफच्या कडा पाणी पितात आणि फुगल्या की परत बसत नाहीत. साध्या प्लायच्या वरच्या पापुद्र्याला रेषांनी तडे जातात आणि ते जेसोतून वर दिसतात. त्यामुळे हार्डबोर्डच बरा.

तेल मुरवलेला, गडद तपकिरी बोर्ड आला असेल तर गुळगुळीत बाजू १५० च्या पॉलिश पेपरने मोडा आणि स्पिरिटने पुसा. नाहीतर सरस धरत नाही.

आता जमीन, म्हणजे रंगाखालचा हा जेसोचा थर. एका लिटरला:

सरस ७० ग्रॅम, थंड पाण्यात रात्रभर भिजत. सुतारकामाचा दाणेदार सरस चालतो, फक्त रंगाने फिकट आणि वासाला बरा पाहून घ्या. सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम करा, ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. उकळला की सरसाची ताकद जाते आणि मग जेसो बोटाला पांढरा लागत राहतो.

पहिला हात नुसत्या सरसाचा. रात्रभर वाळवा.

मग कोमट सरसात व्हायटिंग पावडर (खडूची भुकटी), घनफळाने दीडपट. चाळणीतून भुरभुरत सोडायची, ढवळायची नाही. आपसूक बुडू द्यायची. घोटलं की हवा शिरते आणि हवा शिरली की वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. मिश्रण सायीइतकं दाट झालं की पुरे. पहिला थर बोटांनी चोळून लावा, भोकांवर याच्याइतका दुसरा उपाय नाही. पुढचे सहा-सात थर कुंचल्याने, प्रत्येक आधीच्याला आडवा. खालचा थर ओला चकचकीत न राहता मंद दिसू लागला की लगेच पुढचा. सगळे एकाच दिवशी झाले पाहिजेत. मध्ये रात्र गेली तर पुढचा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

नियम एकच: वरचा थर खालच्यापेक्षा जास्त सरसाचा असता कामा नये. मिश्रण गरम ठेवताना पाणी उडत जातं, सरस वाढत जातो आणि शेवटच्या थराला जाळीदार तडे पडतात. म्हणून अधूनमधून चमचाभर कोमट पाणी घालत राहायचं.

तीन दिवस वाळवून २२०, ३२०, ४०० अशा क्रमाने घासा. तोंडाला मास्क हवाच. प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा भिंतीची पुट्टी घालू नका. प्लास्टर पाण्याबरोबर स्वतःच घट्ट होतं, पुट्टीत सिमेंट किंवा पॉलिमर असतं. दोन्ही सुईने नीट खरवडता येत नाहीत, आणि खरवडणं हा या पद्धतीचा जीव आहे.

दर्याकिनारी

आणि बुरशी?

सहाण

जून ते सप्टेंबर सरसाचा जेसो करूच नका, म्हणजे अर्धा प्रश्न संपतो. तयार जेसो उरला तर फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढे फेकून द्यायचा. पूर्ण झालेलं चित्र बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. टांगावंच लागलं तर चौकटीच्या मागे चार कोपऱ्यांना सेंटिमीटरभर उंचीचे बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळते.

मी_उत्सुक

तयार ॲक्रिलिक जेसो मिळत असताना एवढा खटाटोप कशाला?

निळसावळी

ॲक्रिलिक जेसोवर तैलरंग बसतो, टिकतो, त्यात वाईट काही नाही. चार थर लावा, प्रत्येक थर घासा आणि आठवडाभर ठेवा. फरक दोन ठिकाणी पडतो. एक, तो तेल कमी पितो, त्यामुळे दाबून उमटवलेला रंग घसरतो आणि फांद्या पुन्हा मिटतात. दोन, सुईने ओरखडा काढला की खडूसारखी स्वच्छ पांढरी रेष येत नाही, रबर ओढल्यासारखी कड उठते. वारोच्या चित्रांत प्रकाशाचे किरण, केस, कापडाचे धागे यांतल्या कितीतरी रेषा पांढऱ्या रंगाने काढलेल्या नाहीत, रंग खरवडून जमीन उघडी केलेली आहे. तेवढ्यासाठी सरसाचा जेसो.

आता रेखाटन उतरवण्याबद्दल. कार्बन पेपर वापरू नका. त्याची निळी-जांभळी शाई तेलातून वर येते, कधी कधी काही महिन्यांनी, आणि पांढऱ्याच्या खालून तर हमखास. ट्रेसिंगच्या मागे कोरडा गेरू कापसाने चोळा, जास्तीचा झटका, कडक पेन्सिलीने गिरवा. उमटलेली रेष अगदी पातळ जलरंगाने पक्की करा. मग सगळा गेरू मऊ कुंचल्याने झाडून टाका. राहिला तर पहिल्या तैलथरात मिसळून सगळं मळकट तांबूस होतं.

दाबून उमटवण्याची पद्धत ऑस्कार दोमिंगेस या अतिवास्तववादी चित्रकाराने १९३६ च्या सुमारास ग्वाशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) सुरू केली, त्याच पंथातल्या मॅक्स अर्न्स्टने ती तैलरंगात आणली. 'युरोप आफ्टर द रेन' मधले ते सडलेल्या पोवळ्यासारखे कडे अशानेच झालेत. अर्न्स्ट ती पूर्ण चित्रभर पसरू देतो. वारो तिला कुंपणात ठेवते: एखादं झाड, एखादी भिंत, जमिनीचा पट्टा. बाकीचा बोर्ड झाकलेला.

कृती अशी:

१. जिथे रान हवं तेवढाच भाग उघडा ठेवा. बाकीच्यावर ट्रेसिंग कागदाचा कापलेला साचा, कडांना कमी चिकट कागदी टेप. हा टेप जेसोवर लावण्याआधी कापडावर दोनदा चिकटवून त्याचा जोर कमी करा, नाहीतर जेसोच उचकटतो.

२. नळीतला रंग ३ भाग, टर्पेन्टाइन १ भाग, जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब. चाकूवरून सावकाश ओघळला पाहिजे. टर्पेन्टाइन याहून वाढवलं तर रंगातलं बांधणारं तेल विरळ होतं आणि वाळल्यावर भुकटी सुटते. तेल वाढवलं तर उमटलेल्या कडा चपट्या होतात आणि नंतर सुरकुततात.

३. रंग अंबरचा (मातीच्या तपकिरी रंगाचा) घ्या, कच्चा किंवा भाजका. लवकर वाळतो आणि वरच्या थरांना त्रास देत नाही. काळा किंवा ॲलिझरिन खालच्या थरात नको, ते दिवसेंदिवस ओले राहतात.

४. सपाट कुंचल्याने एकसारखा पातळ थर द्या. लगेच त्यावर ओएचपीची (पारदर्शक प्लास्टिकची) शीट किंवा गुळगुळीत आर्ट पेपर ठेवा, तळहाताने मधून कडेकडे दाबा.

५. एका कडेने सलग उचला. मध्ये थांबलात तर तिथे आडवी रेष कायमची बसते.

वर्तमानपत्र किंवा टिश्यू घेतला तर फांद्या येत नाहीत, कागद रंग पिऊन टाकतो आणि मऊ ठिपक्यांचं पोत येतं. तेही उपयोगी आहे. बघ्यांच्या झग्यासारखं मोठं राखाडी कापड अशा टिपलेल्या पोतावर फार छान बसेल.

उंबर

फांद्या का येतात ते इथे लिहितो, कारण कळलं की त्या हव्या तशा मिळवता येतात. दोन पृष्ठभागांमध्ये दाट रंगाचा पातळ थर आहे. शीट उचलली की मधली फट वाढते आणि हवा आत घुसते. पातळ हवा दाट द्रवाला ढकलते तेव्हा त्यांची सीमा सरळ राहू शकत नाही. जरा पुढे गेलेली हवेची बोटं आणखी पुढे सरसावतात आणि मागे उरलेला रंग त्या बोटांमधल्या भिंतींसारखा फांद्याफांद्यांनी गोळा होतो. भौतिकशास्त्रात याला सॅफमन-टेलर अस्थिरता म्हणतात.

यातून चार गोष्टी हाती येतात. थर जाड असेल तर फांद्या रुंद. शीट झपकन उचलली तर बारीक आणि दाट, सावकाश उचलली तर मोठ्या आणि विरळ. कडेने सोलत नेली तर फांद्या सोलण्याच्या दिशेला लागतात, म्हणून झाड हवं असेल तर बुंध्यापासून शेंड्याकडे की उलट हे आधी टाकाऊ तुकड्यावर बघून घ्यायचं. आणि शीट सपाट सरळ वर उचलली तर हवा चोहीकडून शिरते आणि मधोमध बुंधा असलेली नेच्यासारखी आकृती येते. काच घेतली तर असं सरळ उचलणं जमतं, शीटने नाही.

गारठ्यात रंग घट्ट होतो, उन्हाळ्यात ढिला. मे महिन्यात दुपारी टर्पेन्टाइन निम्मं करा.

निळसावळी

उंबर, हे फार उपयोगी लिहिलंत. एक जोड: एकदा उचलल्यावर दुसऱ्यांदा त्याच जागी दाबू नये. पहिल्या फांद्या मोडतात, दुसऱ्या नीट येत नाहीत, चिखल होतो. पटलं नाही तर पुसून, जागा सुकू देऊन नव्याने.

फुंकण्याबद्दलही लिहून टाकते. पातळ रंगाचा थेंब टाकून हवेच्या झोताने पळवायचा, मुळांसारख्या रेषा जातात. तोंडाने नळी फुंकू नका, श्वास घेताना टर्पेन्टाइनची वाफ थेट छातीत जाते. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा घ्या, झोतही जास्त ताब्यात राहतो.

हे सगळं झाल्यावर किमान आठ दिवस बोर्डाला हात लावायचा नाही, पावसाळी हवा असेल तर पंधरा. मग चेहरे, हात, गाडीची चाकं अशा काटेकोर जागांवर उठलेल्या कडा ब्लेडने आडव्या धरून तासायच्या. रंगात शिश्याचा पांढरा असेल तर कोरडं घासायचं नाही, धूळ विषारी असते.

रेघोट्या

खरवडण्याची वेळ कशी ओळखायची? ओलं असताना रेष मिटते, वाळल्यावर टवके उडतात.

निळसावळी

अंबरच्या पातळ थराला साधारण सहा तासांनंतर सुरुवात करा आणि दुसऱ्या सकाळपर्यंत संपवा. बोट टेकवलं तर चिकटलं पाहिजे पण रंग बोटावर येता कामा नये. त्या अवस्थेत सुई चालवली की रंगाची बारीक दोरी निघते, ती मऊ कुंचल्याने उचलायची, पुसायची नाही. सुई ४५ अंशांवर आडवी धरा. उभी धरली तर जेसोत चर पडतो आणि पुढच्या झिलईत (पातळ पारदर्शक थरात) त्या चरात रंग साठून पांढऱ्याऐवजी काळी रेष दिसते. हे वारंवार होतं आणि मग लोक जेसोला दोष देतात.

दर्याकिनारी

आता शिंपल्याचं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या तावदानांत असतो तो चालेल का?

सहाण

तो वेगळा. तावदानांचा शिंपला पातळ, सपाट, उजेड आरपार सोडणारा, म्हणून तर काचेऐवजी वापरला. पण त्याचे पापुद्रे सुटतात आणि चमक अभ्रकासारखी पांढरट आहे. वारोच्या चित्रात हवी ती मोत्याची झाक. ती येते कारण मोत्याच्या शिंपल्यात साधारण अर्ध्या मायक्रॉन जाडीच्या खनिजाच्या चकत्या थरावर थर रचलेल्या असतात आणि वेगवेगळ्या थरांवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून रंग तयार होतो. कोन बदलला की रंग बदलतो.

गिटारच्या पट्टीवर जडवायला जे तयार तुकडे विकतात ते घ्या. जाडी बघा, बहुतेक १ ते १.५ मिमी असतात. आठ थरांचा जेसो घासून झाल्यावर फार तर मिलिमीटरभर उरतो. जाड तुकडा बसवायला खाली हार्डबोर्ड कोरावा लागतो आणि त्याचे तंतू फुलून येतात. म्हणून तुकडा मागून घासून अर्धा मिमी करा किंवा ०.३ मिमीचं पातळ पान घ्या. किनाऱ्यावरून शंखशिंपले गोळा करून कापत बसू नका. काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत.

कापणी: सोनारी करवत, ३/० चं पातं, खाली इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली फळी. सतत पाण्याचा थेंब सोडत राहायचा. शिंपल्याची धूळ फुप्फुसाला वाईट, त्यामुळे ओलं काम आणि वर एन-९५ मास्क, दोन्ही. पातं जोराने दाबलं की तुकडा थरांमधून फाटतो. वजन फक्त करवतीचं.

बसवणी: तुकडा वाळलेल्या जेसोवर ठेवून सुईने बाहेरची रेष कोरा. सर्जिकल ब्लेडने आतला जेसो थोडा थोडा खरवडून तुकड्याच्या जाडीइतकी खोली करा. दर वेळी तुकडा बसवून बघा, आणि काढता यावा म्हणून खाली दोऱ्याचा तुकडा ठेवा. खड्ड्याचा तळ पांढराच राहिला पाहिजे. पातळ शिंपला आरपार दिसतो. खाली तपकिरी बोर्ड उघडा पडला तर सगळी झळाळी विझते. चिकटवायला सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी, त्यात चिमूटभर टायटॅनियम पांढरा. वरून प्लास्टिक, त्यावर सपाट वजन, चोवीस तास. कडेची फट जेसोच्याच लगद्याने भरा, वाळल्यावर ६०० ने शिंपला आणि जेसो एका पातळीत आणा.

हे सगळं रंगाच्या आधी करायचं. रंगवलेल्या चित्रात खड्डा करायला गेलात तर रंगाचे टवके उडतात. आणि दाबून उमटवताना शिंपल्यावर टेप असू द्या.

नाकडोळे काढताना शिंपल्याची त्या रेषांखालचीच जागा मंद करा, ६०० च्या कागदाची टोकदार घडी करून. चकचकीत पृष्ठभागावर तैलरंग धरत नाही. बाकीचा शिंपला ४००० पर्यंत पॉलिश. आणि एक पथ्य कायमचं: लिंबू, व्हिनेगर, काचेचे क्लीनर यांपैकी काहीही त्याच्या आसपास नको. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाने पाहता पाहता चरतो.

मी_उत्सुक

झग्याचा तांबडा?

निळसावळी

ॲलिझरिन क्रिमसन टाळा, पातळ झिलईत तो उजेडाने उडतो. नळीवर पीआर ८३ असा क्रमांक दिसला की तोच. क्विनाक्रिडोन किंवा पायरोल तांबडा घ्या. खाली अंबर आणि पांढऱ्यात झग्याचे उजेड-अंधार पूर्ण करून वाळवा, मग वर तांबड्याची झिलई: स्टँड ऑइल (घट्ट केलेलं जवसाचं तेल) १ भाग, टर्पेन्टाइन २ भाग, त्यात रंग जेमतेम. पुढच्या झिलईत टर्पेन्टाइन दीड भागावर आणा. तेलाचं प्रमाण वरच्या थरात कमी होऊ द्यायचं नाही.

हार्डवेअरच्या दुकानात 'टर्पेन्टाइन' म्हणून जे मिळतं ते बहुधा खनिज असतं, पाइनच्या डिंकाचं नाही. रंग पातळ करायला, कुंचले धुवायला चालेल, पण डामर (व्हार्निशची राळ, रस्त्याचं डांबर नव्हे) त्यात नीट विरघळत नाही, दुधट होतो आणि तळाशी गाळ बसतो. लेबल वाचून घ्या.

भिंगवाला

थोडा वेगळा मुद्दा, पण याच धाग्यात शोभेल. 'एका प्रसिद्ध जादूगाराच्या संग्रहातलं अतिवास्तववादी तैलचित्र' अशा वर्णनाची चित्रं ऑनलाइन लिलावांत येतात. घेणाऱ्यांनी काय बघावं?

आधी संदर्भ. जादूगारांचे मोठे संग्रह प्रामुख्याने कागदाचे आणि उपकरणांचे असतात: भित्तिपत्रकं, हस्तपत्रकं, पुस्तकं, पेट्या. अमेरिकन जादूगार रिकी जेचा संग्रह २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सदबीज या लिलावगृहाने न्यूयॉर्कला विकला, त्यात भर भित्तिपत्रकांवर आणि पुस्तकांवर होता. जादूगार डेव्हिड कॉपरफील्डचं लास वेगासचं खाजगी संग्रहालय आहे, १९९१ मध्ये घेतलेला जॉन मलहॉलंड या जुन्या जादूगाराचा संग्रह त्यात आहे. तैलचित्रं अशा संग्रहांत असतात, पण ती मुख्य गोष्ट नव्हे. आणि जुना डच चित्रकार बॉश याच्या 'जादूगार' चित्राच्या प्रतिकृती जादूच्या जगात फार पसरलेल्या आहेत. मूळ चित्र पॅरिसजवळच्या सँ-जर्मँ-आँ-ले गावच्या संग्रहालयाचं, ५३ बाय ६५ सेंमीचं. १९७८ मध्ये चोरीला जाऊन १९७९ मध्ये परत मिळालं. ते बॉशच्या हातचं की त्याच्या कार्यशाळेतलं यावर अजून वाद आहे.

तपासणी. दहापट भिंग घ्या. छापाचे ठिपके किंवा शाईचे बारीक तुषार दिसले तर ते कॅनव्हासवरचं प्रिंट. हल्ली प्रिंटवर पारदर्शक जेल फासून कुंचल्याचे फटकारे देतात. ते ओळखायला टॉर्च बाजूने आडवा मारा: फटकारा एकीकडे चाललाय आणि खालची आकृती भलतीकडे, असं दिसलं की प्रश्न मिटला. खऱ्या तैलचित्रात गालाचा फटकारा गालाबरोबर वळतो.

मग काळ. चित्र १९२० च्या आसपासचं सांगितलं आणि हार्डबोर्डवर असेल तर काहीतरी चुकतंय. मेसोनाइटचा, म्हणजे या हार्डबोर्डचा, शोध १९२० च्या दशकाच्या मध्यातला. थॅलो निळा १९३५ नंतरचा. ॲक्रिलिक जेसो १९५० च्या दशकातला. कॅनव्हास स्टेपलने ठोकलेला असेल तर ताणणी विसाव्या शतकाच्या मध्यानंतरची समजा. मूळची खिळ्यांची भोकं सापडली तर कॅनव्हास पुन्हा ताणला गेलाय, तेवढ्याने तो खोटा ठरत नाही. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, नंतर केलेली डागडुजी त्यावर काळे डाग म्हणून दिसते.

आणि 'अमक्याच्या संग्रहातलं' याला किंमत कागद असेल तरच. लिलावाचा लॉट क्रमांक आणि छापील सूची, मागचं लेबल त्याच्याशी जुळणं, पावती, किंवा चित्र त्या घरात टांगलेलं दिसणारा जुना फोटो. नुसतं विक्रेत्याचं पत्र पुरेसं नाही.

रंगमंचावरच्या पडद्यांचे आणि खोक्यांचे चितारलेले फलकही तैलचित्र म्हणून विकले जातात. ते अनेकदा पाणरंगाचे, सरसाने बांधलेले असतात. न दिसणाऱ्या कोपऱ्यात जेमतेम ओला कापूस टेकवला आणि रंग आला तर तैलरंग नव्हे, तिथेच थांबा.

रेघोट्या

अशा जुन्या चित्रावर धूर, काजळी असते. कापलेल्या बटाट्याने पुसावं असं सगळीकडे सांगतात.

भिंगवाला

अजिबात नको. बटाटा, कांदा, पाव, तिन्ही नको. बटाट्यातली साखर आणि पिष्ट भेगांत राहतं, त्यावर बुरशी आणि झुरळं येतात. घरी करण्यासारखं एवढंच: चित्र आडवं ठेवा, रंग कुठे उचकटलेला नाही याची बाजूच्या उजेडात खात्री करा, मऊ कुंचल्याने धूळ झाडून व्हॅक्युमच्या तोंडाकडे न्या, आणि तोंडाला जाळी बांधलेली असू द्या. काजळी काढायचं काम संवर्धकाचं. सरसाच्या जेसोवरचं चित्र असेल तर पाणीही धोक्याचं, भेगेतून आत गेलं की जमीन फुगते आणि रंग तंबूसारखा उठतो.

दर्याकिनारी

शेवटची शंका. व्हार्निश आणि उजेड. शिंपल्यावर व्हार्निश द्यायचं का?

सहाण

व्हार्निश सहा महिन्यांच्या आत नाही, झिलया जास्त असतील तर वर्षभर थांबा. हवेत दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर असताना लावलं तर पांढुरकं धुकं धरतं, म्हणून डिसेंबर ते मार्च. बोर्ड आणि व्हार्निश दोन्ही एकाच खोलीत रात्रभर ठेवून सारख्या तापमानाला आणा. शिंपल्यावर देऊ नका. मऊ व्हार्निशवर धूळ बसली की झाक मंदावते. चेहऱ्याला आकाराबरहुकूम कापलेला ट्रेसिंगचा तुकडा झाकण म्हणून ठेवा आणि कडेने बारीक कुंचल्याने व्हार्निश जुळवून घ्या.

उजेड हा या चित्राचा निम्मा भाग आहे. समोरून सपाट पडला तर शिंपला पांढरा ठिपका वाटतो आणि दाबून उमटवलेलं रानही चपटं होतं. छताला एकच दिवा, चित्राच्या मध्यापासून काढलेली रेषा भिंतीशी ३० अंशांचा कोन करेल एवढ्या अंतरावर, आणि चित्राच्या मध्यावर नाही तर हातभर बाजूला. मग माणूस चित्रासमोरून चालत गेला की सगळं चित्र स्थिर राहतं आणि जादूगाराचा चेहरा तेवढा गुलाबीवरून हिरव्यावर जातो. फोटोत हे कधीच येत नाही, छापील पुस्तकात तर नाहीच. त्यामुळे पुस्तक बघून 'तो चेहरा फिकट का रंगवला' असं विचारणारे बरेच भेटतात. दिवा ३००० केल्विनचा, रंगनिष्ठा (सीआरआय) ९० च्या वर. एलईडीच घ्या. हॅलोजनच्या उष्णतेने बोर्डाची पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त सुकते आणि पहिल्या प्रतिसादात लिहिलेली पोट निघण्याची गोष्ट पुन्हा होते.

निळसावळी

दिव्याबद्दल एक. टांगायच्या आधी कोणाला तरी टॉर्च धरायला सांगून शिंपल्याची चमक कोणत्या बाजूने उघडते ते बघून घ्या. प्रत्येक तुकड्याचे थर थोडे तिरके असतात, काही डावीकडून उजळतात, काही उजवीकडून. हे खरं तर बसवण्याआधीच तपासावं आणि तुकड्याच्या मागे बाणाची खूण करून ठेवावी, म्हणजे पंचकोन कापताना दिशा चुकत नाही.

सहाण

बरोबर. बसवणीच्या टप्प्यात ही खूण पहिली पायरी म्हणून धरा.